दोन खिडक्यांचा पुठ्ठा

कापड रंगवायच्या कारखान्यात तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे निरखी म्हणायचे. का, तर हातात काहीही द्या, बटण द्या, चहाचा कप द्या, साधी टाचणी द्या, बाई आधी ती वस्तू नाकापाशी नेणार, उलटीसुलटी करून बघणार, आणि मग घ्यायची की नाही ते ठरवणार. त्या नावाचा तिला राग नव्हता. राग होता तो हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते कळत नाही याचा. दोन वर्षं झाली तरी तिचा तपास चालूच होता. शिपायावर तिचा जास्त संशय होता, कारण तो हसताना तोंडावर हात धरायचा. त्या बिचाऱ्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, पण ते तिला कोण सांगणार.

चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी. केस स्वतःच कापायची, त्यामुळे एका कानावर कमी, दुसऱ्यावर जास्त. केस कापणारी बाई पाठीमागे उभी राहते आणि तिच्या हातात कात्री असते, एवढं कारण निरखीला पुरे होतं.

राहायची दादा-वहिनींकडे, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दादा त्याच कारखान्यात बॉयलरवर होता आणि वहिनी शिलाई खात्यात. सकाळी तिघं एका दाराने बाहेर पडायचे. पण रस्त्याने जाताना निरखी दोघांच्या मागे दहा पावलं. पुढे चाललं की पाठीवर नजर येते म्हणायची. वहिनी म्हणायची, मग आमच्या पाठीवर तुझी नजर चालते होय? त्यावर निरखी आणखी दोन पावलं मागे. खरं तर ते तिला पटलेलं असायचं, पण वहिनीचं पटलं असं दाखवायचं नसायचं.

आधी ती अशी नव्हती हो. बाविसाव्या वर्षी चांगली ग्रंथालयात लागली होती, पुस्तकं लावायला. हुशार, चटपटीत. कोणी पुस्तक मागितलं की शेल्फापुढे उभी राहायची, नजर एकदा अशी सरकवायची, की हवं ते पुस्तक हातात. आणि एक दिवस ती नजर सरकेनाच. एका पुस्तकाची फाटलेली चिठ्ठी दिसली, तिथे अडकली. ती सुटली तर पुढच्यावर अंगठ्याचा डाग. मग शेल्फाचा स्क्रू. मग भिंतीवरचा पोपडा. सगळं सारखंच महत्त्वाचं. जे शोधायचंय ते आणि जे नाही शोधायचं ते, दोन्ही सारख्याच जोराने डोळ्यांत घुसायला लागलं. एक पुस्तक काढायला अर्धा दिवस जायला लागला, तेव्हा तिच्या मनात आलं की हे कोणीतरी मुद्दाम करतंय. आपल्या मागे पुस्तकं हलवतंय. मग शेजारच्या टेबलावरची मुलगी खोकते ती खूण करायला खोकते, असं झालं. मग कानांत कोणी बोलायला लागलं. मग जेवण सुटलं. ग्रंथालयवाले म्हणाले, दोन दिवस घरी बस, बरं वाटलं की ये. ते दोन दिवस काही संपले नाहीत.

दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. नाव एवढं मोठं की दादाला ते नीट म्हणायला आठवडा लागला. गोळ्यांनी कानातली बडबड पुष्कळ कमी झाली, पण नजरेचं थोडं राहिलंच. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत खोट नाही, डोळे अगदी चांगले आहेत. पण डोळ्यांनी आणलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, ते आपलं लक्ष ठरवतं. आपल्याला कळतही नाही इतकं ते आपसूक होतं. हिचं लक्ष सोडून देत नाही. दारात आलेल्या सगळ्यांना आत घेतं, मग घरात बसायला जागा नाही.

रस्ता ओलांडायचा तर तिला चाकाची तार दिसायची, डबक्यातलं तेल दिसायचं, कोणाच्या पिशवीचा तुटका बंद दिसायचा, आणि अख्खी बस मात्र राहून जायची. माणसाच्या चेहऱ्याचंही तसंच. वहिनीकडे पाहिलं की एक भुवई दिसायची, मग ओठाजवळचा तीळ, मग ओठाचा वर गेलेला कोपरा. ते सगळं जोडून वहिनी हसतेय की चिडलीय ते ठरेपर्यंत वहिनी स्वयंपाकघरात गेलेली असायची. आणि मग नुसता तो ओठाचा कोपरा मागे उरायचा. तो का वर गेला? कोणाला बघून गेला? त्या एवढ्याशा फटीतून संशय आत शिरायचा, आणि एकदा शिरला की पाय पसरून बसायचा.

म्हणून गोळी ती दादाच्या हातूनच घ्यायची. वहिनीने पुढे केली तर तोंड फिरवायची. दादा रात्रपाळीला असला तरी सकाळी तो येईपर्यंत थांबायची. वीस वर्षं वहिनीने हे पाहिलं. बोलली नाही असं नाही, एकदा बोलली होती. म्हणाली होती, “मी केलेलं जेवतेस, आणि शेंगदाण्याएवढी गोळी तेवढी माझ्या हातून नको?” दुसऱ्या दिवसापासून निरखी जेवणही निरखून बघायला लागली. वहिनीने कानाला खडा लावला.

कारखान्यात ती लागली ती अशी. तिथे नमुनाखोली म्हणून एक लहानशी खोली आहे, उत्तरेला मोठी काच असलेली. कापडाची प्रत्येक खेप रंगून, वाळून आली की तिचा बोटभर तुकडा कापायचा, मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि रंग बरोबर उतरला की नाही ते सांगायचं. बरोबर असेल तर तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवायचा, खेपेचा नंबर घालायचा आणि खाली निळ्या पेन्सिलीने सही. त्या सहीशिवाय कापड शिलाईला जात नाही. तिथल्या मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि जागा रिकामी झाली. दादाने रंगमास्तरांना गळ घातली. रंगमास्तर म्हणजे रंगखात्याचे मुख्य, तीस वर्षं रंगांत हात घातलेला माणूस, नखं कायम निळसर. म्हणाले, आणा, बघू.

पहिल्या दिवशी बाईला काही जमेना. टेबलावर नमुना ठेवला तर ती टेबलाचा ओरखडा बघायची, काचेवरची माशी बघायची. मास्तरांना आपल्या गुरूची एक गोष्ट आठवली. गुरू एक राखाडी पुठ्ठा वापरायचे, त्याला शेजारी शेजारी दोन चौकोनी भोकं. पुठ्ठा कापडावर ठेवायचा, एका भोकातून नमुना दिसतो, दुसऱ्यातून नवा तुकडा, आणि बाकीचं जग झाकलेलं. गुरू असं का करायचे ते मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं म्हाताऱ्याची सवय. पण या बाईचं लक्ष चहूकडे पांगतंय, तर जग झाकूनच बघू, म्हणून त्यांनी तसा पुठ्ठा कापून दिला.

आणि काय सांगू, बाईची गाडी रुळावर आली. दोन खिडक्यांतून बघायची आणि पटकन सांगायची, यात लाल कणभर जास्त आहे. मास्तर बघायचे, त्यांना दिसायचं नाही. कुंडातल्या रंगाची नोंद काढून बघितली की खरंच लाल कणभर जास्त. कारखान्यात तिच्या पुठ्ठ्याची थट्टा व्हायची. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तशी निरखीला झापडं लावलीत म्हणायचे. तिने लक्ष दिलं नाही. म्हणजे दिलं, कोणकोण हसलं ते सगळं तिच्या लक्षात होतं, पण पुठ्ठा सोडला नाही. दोन वर्षांत एक खेप परत आली नाही.

आता गोष्ट सुरू होते ती इथून. एका हॉटेलची मोठी मागणी आली. उशांचे अभ्रे, दोनशे. मधोमध तळहाताएवढा राखाडी चौकोन आणि भोवती रुंद पट्टी. खालच्या मजल्यावरच्या खोल्यांना पांढरी पट्टी, वरच्या मजल्याला गडद निळी. राखाडी कापड दोन खेपांत रंगलं, सातवी आणि आठवी. निरखीने दोन्ही खेपा पुठ्ठ्याच्या खिडक्यांतून बघितल्या, एकसारख्या आहेत म्हणून सही केली. सातवी खेप पांढऱ्या पट्टीला गेली, आठवी निळ्या पट्टीला. शिवायला वहिनीचाच गट होता.

आणि त्याच आठवड्यात निरखीने एक गोष्ट पाहिली. जेवणाच्या सुट्टीत ती शिलाई खात्याच्या दारातून जात होती. सगळ्या बायका हात धुवायला गेलेल्या. वहिनी एकटी मशीनपाशी. तिने कापडाच्या कडेची एक अरुंद पट्टी कात्रीने कापली, तिची गुंडाळी केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात टाकून झाकण लावलं. कारखान्यातून चिंधीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा नियम. फाटकावर पिशव्या बघतात, पण खरकटा डबा कोण उघडणार?

निरखीच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, तिथेच ठाण मांडून बसली. दोन दिवसांनी ती चहा घेऊन परत आली तर वहिनी नमुनाखोलीतून बाहेर पडताना दिसली. विचारलं, इथे काय काम? वहिनी म्हणाली, काही नाही, सुई शोधत होते. नमुनाखोलीत सुई? निरखीने आत जाऊन बघितलं. खेपांच्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा बोटभर सरकलेला होता. दुसऱ्या कोणाला तो दिसलाही नसता, पण तिच्या नजरेतून बोटभर काय, केसभर सुटायचं नाही.

घरी दादाला सांगितलं तर दादा म्हणाला, तुला गोळी वाढवून घ्यायची का? म्हणजे हाही तिचाच. त्या रात्री तिने मनाशी सगळी गोष्ट रचली. वहिनीला आपण घरात नकोत. आपली नोकरी गेली की आपल्याला कुठेतरी ठेवून द्यायला बरं. म्हणून ती कापड बदलते, नमुने बदलते, आणि एक दिवस सगळं आपल्यावर शेकणार.

आणि शेकलंच की. मंगळवारी हॉटेलच्या बाई माल बघायला आल्या. उंच, नीटनेटक्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. लांब टेबलावर दोन अभ्रे शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी बघितलं, चष्मा लावून बघितलं, आणि थंड आवाजात म्हणाल्या, हे दोन वेगळे रंग आहेत.

मास्तर पुढे झाले. बघतात तर खरंच की. पांढऱ्या पट्टीतला राखाडी चांगला गडद, आणि निळ्या पट्टीतला फिकट, उन्हात विटल्यासारखा. शिलाईच्या बायका आल्या, शिपाई आला, बॉयलरवरून दादासुद्धा आला. सगळ्यांना तेच दिसलं. आंधळ्यालाही दिसेल, कोणीतरी म्हणालं.

निरखीला बोलावलं. तिने दोन्ही अभ्र्यांकडे बघितलं. आधी तिला निळ्या पट्टीचा एक उसवलेला टाका दिसला, मग बाईंच्या नखावरचा ओरखडा. मग राखाडी चौकोन. एक आणि दुसरा. तिला कळेना हे सगळे इतके गंभीर का झालेत.

“सारखे आहेत की,” ती म्हणाली.

मग जे झालं ते तिला नीट ओळखीचं होतं. ग्रंथालयात असंच झालं होतं. सगळ्यांचे डोळे एकमेकांकडे गेले, आणि मग तिच्याकडे, आणि मग जमिनीकडे.

मास्तरांनी नमुन्यांचे पुठ्ठे मागवले. सातवी आणि आठवी, तुकडे शेजारी ठेवले तर अगदी सारखे. हॉटेलच्या बाई म्हणाल्या, तुकडे कापले कोणी? निरखीने. चिकटवले कोणी? तिनेच. मग दोन्ही तुकडे एकाच खेपेतले कशावरून नसतील? मास्तरांनी पुठ्ठे बाजूला सारले. ते तिच्याकडे वळले, आवाज चढवला नाही, पण तिच्या डोळ्यांत बघून बोलायचं टाळलं. म्हणाले, “तू असं कर, दोन दिवस घरी बस.”

दोन दिवस. मागच्या वेळचे दोन दिवस वीस वर्षं चालले होते. आता बसली घरी की पुन्हा उठायची नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने आजूबाजूला बघितलं, आणि गर्दीत तिला नेमका तो ओठाचा कोपरा दिसला, तिळाशेजारचा.

“हिच्या डब्यात बघा,” ती वहिनीकडे बोट दाखवून म्हणाली. “कापड हिने बदललंय. चिंध्या लपवून नेते. मी डोळ्यांनी बघितलंय.”

दादा म्हणाला गप्प बस. पण शिलाईची मुकादमीण आधीच हलली होती. तिने मांडणीवरून वहिनीचा डबा आणला. वहिनी एकदा पुढे झाली, डब्यावर हात ठेवला, आणि मग हात काढून घेतला. चेहरा पांढराफटक पडला होता तिचा. झाकण उघडलं तर वरच्या खणात दोन गुंडाळ्या. राखाडी. एकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली, सात. दुसरीला आठ.

“चोरी नाही ती,” वहिनी म्हणाली. मग मास्तरांना म्हणाली, आता डबा उघडलाच आहे म्हणून सांगते, हिच्या देखत सांगायचं नव्हतं. ही नमुनाखोलीत लागली त्या दिवसापासून प्रत्येक खेपेची एक पट्टी मी घरी नेते. आणि खेपेचा नंबर चुकू नये म्हणून हिच्या खोलीत जाऊन बघून येते. घरी खिडकीत, दिवसाच्या उजेडात, पट्ट्या शेजारी ठेवून बघते. ही बरोबर सांगते की नाही ते. या दोन बघून झाल्यात, आज माल बघायला येणार म्हणून सोबत आणल्या.

“का?” मास्तरांनी विचारलं.

“हिच्यावर विश्वास नव्हता म्हणून,” वहिनी म्हणाली. “चुकली तर तुमच्या आधी मला कळावं. घरी ट्रंक भरलीय पट्ट्यांनी. दोन वर्षं झाली, अजून एकदा चुकलेली नाही. पण म्हणून माझी काळजी जाते का?”

आता निरखी वहिनीकडे टक लावून बघत होती. भुवई, तीळ, कोपरा. काही जुळेना. तिने रचलेल्या गोष्टीत हे कुठेच बसत नव्हतं. वहिनी तिच्या पाळतीवर होती, हे खरं निघालं. पण कशासाठी, ते साफ उलटं निघालं.

मास्तरांनी दोन्ही गुंडाळ्या उलगडल्या आणि पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या. या पट्ट्या तर थेट शिवलेल्या कापडाच्याच होत्या, निरखीचा हातही न लागलेल्या. एकसारख्या. बोटाने सरकवून कडेला कड भिडवली तर सांधा दिसेना.

“मग माझ्या डोळ्यांसमोर हे काय आहे?” हॉटेलच्या बाई अभ्र्यांवर बोट आपटत म्हणाल्या. “मला काय वेड लागलंय?”

तो शब्द तोंडातून गेला आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. दादाने मान खाली घातली. निरखीला मात्र त्याचं काही नव्हतं. ती पहिल्यांदाच त्या बाईंकडे जरा आपुलकीने बघत होती. आपल्याला एक दिसतं आणि जग दुसरं सांगतं, तेव्हा कसं होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक.

ती काही न बोलता गेली आणि खोक्याचं एक मोठं झाकण घेऊन आली. टेबलावर अभ्र्यांवर धरलं, अंदाज घेतला, पेन्सिलीने दोन चौकोन काढले आणि कात्रीने कापायला लागली. सगळे बघत उभे. जाड पुठ्ठा, कात्री चालेना, झाकण सारखं सरकत होतं. पाठीमागे दहा माणसं उभी असताना ती एरवी एक मिनिट थांबली नसती. वहिनी पुढे आली आणि पुठ्ठ्याचं दुसरं टोक घट्ट धरलं. निरखीने एकदा तिच्या हाताकडे बघितलं, नीट बघितलं, आणि कापत राहिली.

मग ते झाकण तिने दोन्ही अभ्र्यांवर ठेवलं. पांढरी पट्टी झाकली गेली, निळी झाकली गेली. दोन खिडक्यांतून फक्त दोन राखाडी चौकोन दिसत राहिले.

एकच रंग होता.

हॉटेलच्या बाईंनी झाकण उचललं. एक गडद, एक फिकट. झाकण ठेवलं. एकच. उचललं, ठेवलं. चार वेळा केलं, पाचव्यांदा खुर्ची ओढून खाली बसल्या. मग मास्तरांनी केलं. मग शिलाईच्या बायकांनी रांग लावली. शिपाई तर झाकणाच्या खालून वाकून बघत होता, कोणी अभ्रे बदलतंय का म्हणून. एरवी एकटी निरखी साऱ्या जगावर संशय घ्यायची, त्या दिवशी तासभर सगळा कारखाना स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेत होता.

मास्तर डोकं खाजवत म्हणाले, पांढऱ्याच्या शेजारी तोच रंग दबतो आणि गडदाच्या शेजारी उठतो, एवढं साधं, तीस वर्षं रंगात काढून मी विसरलो. आता कळलं म्हातारा पुठ्ठा का ठेवायचा. पण मग निरखीकडे वळून विचारलं, तुला झाकण नसताना कसं काय सारखं दिसलं? ती म्हणाली, चौकोन बघायला सांगितलात ना? मी चौकोन बघितला. पट्टी बघायला कोणी सांगितलं होतं?

हॉटेलच्या बाई पक्क्या. म्हणाल्या, रंग एक असेल, पण माझ्या पाहुण्यांना दोन दिसणार, त्याचं काय? दिसतं ते दिसतंच. हे काही खोटं नव्हतं. तेव्हा वहिनी मधेच म्हणाली, “वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्याची उशी बघायला त्याच्या अंथरुणात शिरणार आहे का?” बायका तोंडाला पदर नाही तर हात लावून फिदीफिदी हसायला लागल्या. बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. माल गेला.

दोन दिवस घरी बसायचं कोणी पुन्हा बोललं नाही. मास्तरांनी वहिनीला पट्ट्या नेल्याबद्दल चार शब्द सुनावले, ते सुनावायलाच हवे होते. पण नियम नवा केला. प्रत्येक खेपेची एक पट्टी शिलाई खात्याने कापायची, नंबर घालून नमुनाखोलीत द्यायची. म्हणजे वहिनीचं पाळत ठेवणं आता कारखान्याचं काम झालं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दादाने सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. त्यांना फार नवल वाटलं नाही. म्हणाले, या आजारात काही जणांना आजूबाजूचं चित्र आपल्याइतकं ओढून नेत नाही, म्हणून आपण जिथे फसतो तिथे ते फसत नाहीत. सगळ्यांचं असं होत नाही. आणि याच सवयीमुळे चेहरा, रस्ता, गर्दी अशा गोष्टी त्यांना जड जातात, कारण तिथे अख्खं बघावं लागतं. हिला देवाची देणगी वगैरे म्हणून डोक्यावर घेऊ नका, आणि गोळ्या बंद करू नका.

पण ते नंतरचं. त्या मंगळवारी संध्याकाळी घरी काय झालं ते राहिलंच. तिघं घरी आले, निरखी रोजच्यासारखी दहा पावलं मागे. दादा खाली सायकलवाल्याशी बोलत थांबला. वहिनीने पाणी घेतलं, खुर्चीवर बसली, आणि निरखीकडे न बघता म्हणाली,

“रंगाचं तुझं खरं निघालं. आणि माझ्याबद्दल चारचौघांत बोललीस ते?”

निरखी दारात उभी. काय म्हणणार? पट्टी कापताना पाहिलं ते खरं होतं. इकडेतिकडे बघितलं ते खरं होतं. गठ्ठा सरकला होता तो खरा होता. तुकडा न् तुकडा खरा, आणि सगळं मिळून खोटं. रंगाच्या वेळी तुकडाच बरोबर होता आणि अख्खं चित्र फसवत होतं. इथे तुकड्यांनीच फसवलं. कधी काय धरायचं? यासाठी तिच्याकडे पुठ्ठा नव्हता.

ती म्हणाली, “तूही माझ्यावर पाळत ठेवलीस.”

“ठेवली,” वहिनी म्हणाली. “ठेवणार. तू ठेवत नाहीस?”

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. खाली सायकलची घंटी कोणीतरी उगीच वाजवत होतं.

गोळीची वेळ झाली. दादा अजून वर आला नव्हता. वहिनी उठली, फळीवरून बाटली काढली, गोळी तळहातावर घेतली आणि हात पुढे केला. दरवेळी करायची तसाच, तोंड फिरवलं जाणार हे धरून. निरखी जवळ आली. तिने वाकून गोळी बघितली. मग गोळीच्या भोवतीचा तळहात बघितला, सुईने टोचलेलं बोट बघितलं, कात्रीचा घट्टा बघितला. मग मान वर करून चेहरा बघितला, भुवई, तीळ, कोपरा, आणि यावेळी वहिनी स्वयंपाकघरात गेली नाही. हात तसाच धरून उभी राहिली, अवघडला तरी.

मग निरखीने गोळी उचलली, उजेडाकडे धरली, उलटीसुलटी करून पुन्हा एकदा नीट निरखली, आणि घेतली.